उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सर्वोच्च न्यायालयात कसे जावे

उच्च न्यायालयात प्रकरण हरलेल्या पक्षकाराची पहिली प्रतिक्रिया बहुधा "आता सुप्रीम कोर्टात जाऊ" अशीच असते. कनिष्ठ न्यायालय, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत आणि शेवटच्या पायरीवर सगळे प्रकरण पुन्हा पहिल्यापासून तपासले जाईल, अशी समजूत या प्रतिक्रियेमागे असते. ती चुकीची आहे आणि पक्षकाराला फार महागात पडते. म्हणून दिल्लीच्या वकिलाला पैसे पाठवण्याआधी हे न्यायालय कशासाठी आहे, त्याचे काम कसे चालते आणि तेथे आपल्या प्रकरणाला कोणत्या दाराने प्रवेश मिळू शकतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

सर्वोच्च न्यायालय २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेबरोबर अस्तित्वात आले. आरंभीची काही वर्षे त्याचे कामकाज संसद भवनाच्या इमारतीत चालत असे. टिळक मार्गावरील आजच्या इमारतीत ते १९५८ मध्ये गेले. ही इमारत गणेश भिकाजी देवळालीकर या मराठी वास्तुविशारदाच्या आराखड्यावर उभी राहिली आहे. घटनेने सुरुवातीला सरन्यायाधीश आणि इतर सात न्यायाधीश एवढीच तरतूद केली होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मंजूर संख्या सरन्यायाधीशांसह ३४ झाली. हे ३४ न्यायाधीश एकत्र बसून प्रकरणे ऐकत नाहीत. रोजचे बहुतेक काम दोन न्यायाधीशांच्या पीठांपुढे चालते, काही प्रकरणे तीन न्यायाधीशांपुढे जातात, आणि घटनेच्या अर्थाविषयीचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५(३) नुसार किमान पाच न्यायाधीशांचे घटनापीठ बसवावे लागते. आजवरचे सर्वांत मोठे पीठ १३ न्यायाधीशांचे होते. त्या पीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती प्रकरणात ७ विरुद्ध ६ मतांनी संसदेलाही बदलता न येणाऱ्या घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत मांडला. कोणत्या पीठापुढे कोणत्या विषयाची प्रकरणे जातील हे सरन्यायाधीश ठरवतात. पक्षकाराला किंवा वकिलाला पीठ निवडता येत नाही. "अमुक न्यायाधीशांपुढे प्रकरण लावून देतो" असे सांगणारा माणूस भेटला, तर त्याच्याशी पुढे व्यवहार करू नये.

घटनेने या न्यायालयाला अनेक कामे दिली आहेत. केंद्र आणि राज्ये किंवा दोन राज्ये यांच्यातील कायदेशीर हक्कांचे वाद अनुच्छेद १३१ खाली थेट येथेच येतात. राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर अनुच्छेद १४३ खाली हे न्यायालय सल्ला देते. अनुच्छेद १४१ मुळे त्याने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. सामान्य पक्षकाराने यातील शेवटची बाब नीट लक्षात घ्यावी. ज्या न्यायालयाचा शब्द देशभर कायदा होतो, ते न्यायालय आपल्यापुढील प्रत्येक प्रकरणात प्रथम हे पाहते की येथे कायद्याचा काही प्रश्न आहे का, किंवा डोळ्यांआड करता येणार नाही असा उघड अन्याय झाला आहे का. साक्षीदार खरा की खोटा, पावती खरी की बनावट, हे प्रश्न खालच्या न्यायालयांनी सोडवलेले आहेत, असे ते सहसा गृहीत धरते.

वाटपाच्या दाव्याचे उदाहरण घेऊ. दिवाणी न्यायालयाने निकाल दिला, जिल्हा न्यायालयात पहिले अपील झाले, आणि उच्च न्यायालयात दुसरे अपील झाले. दुसरे अपील मुळातच कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरते मर्यादित असते. अशा वेळी "मृत्युपत्रावरची सही वडिलांची नव्हती" हा वाद दोन न्यायालयांनी एकमताने निकाली काढला असेल, तर दिल्लीत तो पुन्हा उघडला जाण्याची शक्यता अगदी थोडी असते. उलट, मुलीच्या वारसाहक्काविषयीची कायद्याची तरतूद उच्च न्यायालयाने चुकीची वाचली असेल, तर त्या मुद्द्यात वजन आहे. म्हणून उच्च न्यायालयाचे निकालपत्र हाती आले की सर्वप्रथम त्यातील कायद्याची चूक एका वाक्यात लिहिता येते का, हे पाहावे. तसे वाक्य लिहिता आले नाही, तर माझ्या मते बहुतेक दिवाणी प्रकरणांत तेथेच थांबणे शहाणपणाचे ठरते. निकाल सांगणाऱ्या वकिलाकडूनही हेच वाक्य मागावे.

आपले दार कोणते

सर्वाधिक वापरले जाणारे दार अनुच्छेद १३६ चे, म्हणजे विशेष अनुमती याचिकेचे आहे. वकिलांच्या बोलण्यात तिला एस.एल.पी. म्हणतात. सशस्त्र दलांविषयीच्या कायद्याखालील न्यायाधिकरणे वगळता कोणत्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध ती करता येते. मात्र हा अपिलाचा हक्क नाही. अपील करू द्यावे अशी ती विनंती आहे, आणि ती मान्य करणे पूर्णपणे न्यायालयाच्या मर्जीवर अवलंबून असते. हा अधिकार क्वचित आणि अपवादात्मक प्रकरणांतच वापरावा, असे न्यायालयाने १९५० मध्येच प्रीतम सिंग प्रकरणात सांगितले होते.

काही प्रकरणांत मात्र हक्काचे अपील असते, आणि माहितीअभावी लोक तो हक्क ओळखत नाहीत. खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या आरोपीला उच्च न्यायालयाने अपिलात दोषी ठरवून फाशी दिली, तर घटनेच्या अनुच्छेद १३४ नुसार, आणि जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेली कैद दिली, तर १९७० च्या कायद्यानुसार, त्याला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क आहे. तेथे अनुमती मागावी लागत नाही. काही विशेष कायद्यांनीही थेट अपील दिले आहे आणि त्यांच्या मुदती वेगवेगळ्या आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावर ९० दिवसांत अपील करावे लागते, तर निवडणूक याचिकेवरील उच्च न्यायालयाच्या निर्णयावर ३० दिवसांत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मूळ तक्रारीवर दिलेल्या आदेशाविरुद्धही ३० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जाता येते. मात्र त्याच आयोगाने अपिलात दिलेल्या आदेशासाठी आधी उच्च न्यायालयात अनुच्छेद २२७ खाली दाद मागावी, असे न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मुदत चुकण्याचे प्रसंग बहुतेक येथेच घडतात, कारण सर्वांना ९० दिवसच मिळतात असे पक्षकार धरून चालतो.

मूलभूत हक्काचा भंग झाला असेल, तर अनुच्छेद ३२ खाली थेट याचिका करता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत या तरतुदीला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. तरीही उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली तशीच, किंबहुना अधिक व्यापक, दाद मिळू शकते, आणि अनेकदा सर्वोच्च न्यायालय याचिकाकर्त्याला तिकडेच पाठवते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजीजवळचे पर्वरी आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर एवढ्या ठिकाणी मुंबई उच्च न्यायालय बसत असताना साध्या नोकरीच्या किंवा जमिनीच्या तक्रारीसाठी थेट दिल्ली गाठण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

आणखी एक दार विशेषतः विवाहित स्त्रियांना उपयोगी पडते. पतीने दुसऱ्या राज्यात, समजा सुरत किंवा इंदूर येथे, घटस्फोटाचा दावा लावला असेल आणि पत्नी लहान मुलासह सांगलीत माहेरी राहत असेल, तर तो दावा सांगलीला वर्ग करण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयालाच करावी लागते. २०१९ च्या नियमदुरुस्तीनंतर अशा बदली याचिका एकट्या न्यायाधीशांपुढेही चालू शकतात. दोन्ही ठिकाणे महाराष्ट्रातच असतील, तर मात्र मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे.

निकालाच्या दिवशीच करायची कामे

उच्च न्यायालयात निकाल वाचला जात असतानाच तीन गोष्टी करायच्या असतात आणि त्या आपल्या वकिलाला आदल्या दिवशीच सांगून ठेवाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे, आतापर्यंत मिळत असलेली स्थगिती आणखी काही आठवडे चालू ठेवावी, अशी विनंती त्याच पीठाला करावी. सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केल्याने खालचा आदेश आपोआप थांबत नाही. मध्यंतरी घराचा ताबा गेला किंवा बांधकाम पडले, तर पुढे जिंकूनही हाती फारसे काही लागत नाही. दुसरी गोष्ट, कायद्याचा सार्वत्रिक महत्त्वाचा प्रश्न असेल, तर अनुच्छेद १३४अ प्रमाणे निकालानंतर लगेच तोंडी विनंती करून अपिलासाठी प्रमाणपत्र मागावे. तिसरी, प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करावा. प्रत तयार होण्यास लागणारा वेळ मुदतीतून वगळला जातो, पण अर्जच उशिरा केला तर अर्जापूर्वीचे दिवस वाया गेलेलेच राहतात.

विशेष अनुमती याचिकेची सर्वसाधारण मुदत उच्च न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवस आहे, आणि उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र नाकारले असेल तर त्या नकारापासून ६० दिवस. मुदत उलटल्यास विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात उशिराचे पटण्याजोगे कारण द्यावे लागते आणि शक्य तेथे कागदाचा आधारही जोडावा लागतो. आजारपण असेल तर रुग्णालयाचे कागद जोडावेत. "गरिबीमुळे उशीर झाला" एवढे एकच वाक्य पुरत नाही. एकल न्यायाधीशांच्या निकालावर उच्च न्यायालयातच दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे अपील होत असेल, तर आधी ते करावे.

फौजदारी प्रकरणात शिक्षा कायम झाली असेल, तर आरोपी शरण आला आहे की नाही हे याचिकेत सांगावे लागते. शरण आला नसेल तर त्यातून सूट मागणारा स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर झाल्याशिवाय याचिका सुनावणीला लागत नाही.

वकील आणि विधी सेवा

सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करण्याचा अधिकार फक्त ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड या वर्गातील वकिलांना आहे. ही न्यायालयाने घेतलेल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली आणि न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत कार्यालय असलेली मंडळी असतात. आपले नागपूरचे किंवा मुंबईचे वकील तेथे जाऊन युक्तिवाद करू शकतात, पण वकीलपत्र आणि दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाची जबाबदारी या वकिलांची असते. ज्येष्ठ वकीलही त्यांच्यामार्फतच उभे राहतात. निवड करताना नावापेक्षा कामाची पद्धत पाहावी. याचिकेचा मसुदा दाखल होण्यापूर्वी वाचायला मिळेल का, दाखल झाल्यावर डायरी क्रमांक कळवला जाईल का, आणि शुल्कात टंकलेखन, भाषांतर व प्रत्येक तारखेचा खर्च धरला आहे का, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी आशा सोडू नये, हे मला येथे आग्रहाने सांगायचे आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, कोठडीत किंवा तुरुंगात असलेले लोक, औद्योगिक कामगार आणि आपत्तिग्रस्त यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. इतरांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकरणांत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पाच लाख रुपये आहे. हे काम सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समिती पाहते. त्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नसते. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयातून अर्ज पुढे पाठवता येतो, कैद्याला कारागृहातूनच अर्ज करता येतो, आणि १५१०० या मदत क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते. लाखो रुपयांची शेती विकून खासगी वकील करणाऱ्या विधवेला हा हक्क कोणी सांगितलेलाच नसतो, ही गोष्ट अत्यंत खेदाची आहे. अर्जासोबत सर्व न्यायालयांची निकालपत्रे द्यावीत आणि ९० दिवसांची मुदत चालू असतानाच तो करावा, कारण समितीलाही प्रकरण तपासून वकील नेमण्यास वेळ लागतो.

स्वतः उभे राहून युक्तिवाद करण्याची परवानगीही मागता येते. अशा पक्षकाराला वकील का करता येत नाही आणि न्यायालयाने दिलेला वकील चालेल का, हे अर्जात सांगावे लागते. त्यानंतर निबंधक त्याच्याशी बोलून तो न्यायालयाला पुरेसे साहाय्य करू शकेल का याविषयी अहवाल देतात. तेथील कामकाज इंग्रजीत चालते, हे लक्षात घेऊन निर्णय करावा.

कागदपत्रे

इंग्रजीची अट महाराष्ट्रातील पक्षकाराला सर्वाधिक जाचते ती कागदपत्रांच्या बाबतीत. उच्च न्यायालयात मराठी कागद बऱ्याचदा तसेच वाचले जातात. दिल्लीत मात्र सातबारा उतारा, फेरफार नोंद, फिर्याद, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब आणि मराठीत लिहिलेले खालच्या न्यायालयाचे निकालपत्र, या साऱ्यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भाषांतर घाईत केले तर 'कब्जेदार' आणि 'कूळ' यांतला भेद पुसला जातो आणि सगळे प्रकरणच वेगळे दिसू लागते. महसुली शब्द जाणणाऱ्या माणसाकडून ते आपल्याच गावी करून घेऊन वकिलाला पाठवावे. वकील नंतर ते तपासून घेतील.

याचिकेच्या आरंभी घटनांचा सारांश आणि तारखांची यादी असते. माझ्या मते संपूर्ण याचिकेतील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण न्यायाधीश सुनावणीपूर्वी बहुधा हीच पाने आधी वाचतात. ती यादी तयार करण्यात पक्षकाराने स्वतः भाग घ्यावा. कोणता दावा कधी लावला, कोणता आदेश कधी झाला, ताबा कधी गेला, हे त्याच्याइतके नेमके कोणाला ठाऊक नसते. मात्र खालच्या न्यायालयापुढे कधीच न आलेली गोष्ट येथे घुसडू नये. याचिका खालच्या अभिलेखापुरतीच मर्यादित आहे असे प्रमाणपत्र वकिलाला द्यावे लागते. नवा कागद खरोखरच आवश्यक असेल, तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आपल्याला अडचणीचा ठरणारा आदेश किंवा पूर्वी फेटाळलेली याचिका कधीही लपवू नये. ती उघडकीस आली, तर चांगले प्रकरणही केवळ त्या कारणाने फेटाळले जाऊ शकते.

दाखल झाल्यानंतर

याचिका दाखल होताच डायरी क्रमांक मिळतो. नोंदणी कार्यालय ती तपासते आणि त्रुटी काढते. अस्पष्ट प्रत, सुटलेले भाषांतर, चुकीची पृष्ठसंख्या ही नेहमीची कारणे असतात. त्रुटी दूर झाल्याशिवाय प्रकरण पीठापुढे जात नाही आणि कित्येक याचिका याच टप्प्यावर महिनोन्महिने पडून राहतात. न्यायालयाच्या संकेतस्थळावर डायरी क्रमांक टाकून त्रुटी, पुढील तारीख आणि प्रत्येक आदेश कोणालाही पाहता येतो. हे पक्षकाराने स्वतः नियमितपणे पाहावे. घर पाडले जाण्यासारखी तातडी असेल, तर वकील 'मेन्शनिंग' करून, म्हणजे प्रकरणाची निकड न्यायालयाच्या कानावर घालून, लवकर तारीख मागतात.

पहिली सुनावणी बहुधा काही मिनिटांचीच असते. तेथे साधारणपणे पुढीलपैकी एक घडते: याचिका फेटाळली जाते, किंवा दुसऱ्या बाजूला नोटीस निघते आणि कधी स्थगितीही मिळते. नोटीस निघणे म्हणजे जिंकणे नव्हे. दोन्ही बाजू ऐकून न्यायालयाने अनुमती दिली, तरच याचिकेचे अपिलात रूपांतर होते आणि खरी सुनावणी सुरू होते. याचिका कारण न देता फेटाळली गेली, तर त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालावर शिक्कामोर्तब केले असा होत नाही. २००० मधील कुन्हयम्मद प्रकरणात हे स्पष्ट झाले आहे, आणि त्यामुळे योग्य कारण असल्यास उच्च न्यायालयात पुनर्विलोकन मागण्याची वाट अशा वेळी पूर्ण बंद होत नाही.

आपण उच्च न्यायालयात जिंकला असाल, तर वेगळी काळजी घ्यावी. समोरची बाजू दिल्लीला जाणार असे वाटत असेल, तर आधीच कॅव्हेट, म्हणजे आपल्यालाही ऐकावे अशी आगाऊ सूचना, दाखल करावे, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी स्थगिती मिळण्याची शक्यता राहत नाही. नोटीस हाती आल्यास ती बाजूला ठेवू नये. आपल्या गैरहजेरीतही प्रकरण चालते.

अंतिम निकालानंतर

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर अपील नाही. अनुच्छेद १३७ खाली ३० दिवसांत पुनर्विलोकन याचिका करता येते, पण ती शक्यतो त्याच न्यायाधीशांकडे जाते, बहुधा त्यांच्या दालनातच कागदांवरून निकाली निघते आणि निकालात उघड दिसणारी चूक असेल तरच यशस्वी होते. फाशीच्या प्रकरणांतील पुनर्विलोकन मात्र २०१४ पासून तीन न्यायाधीश खुल्या न्यायालयात ऐकतात. त्यापुढे २००२ च्या रूपा हुर्रा प्रकरणातून आलेली क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विलोकनही फेटाळल्यानंतरचा शेवटचा उपाय, आहे. तिला ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र लागते आणि नैसर्गिक न्यायाचाच, म्हणजे दोन्ही बाजू निःपक्षपणे ऐकण्याच्या तत्त्वाचा, भंग झाल्याशिवाय तिचा विचार होत नाही. हरलेल्या प्रत्येक प्रकरणात हे दोन्ही उपाय सुचवणाऱ्या सल्लागाराकडून त्यामागचे नेमके कारण लेखी मागावे.

प्रकरण जिंकले असेल, तर निकालाची प्रमाणित प्रत घेऊन अंमलबजावणीसाठी पुन्हा मूळ न्यायालयाकडेच यावे लागते. ताबा, रकमेची वसुली किंवा फेरफार नोंदीतील दुरुस्ती दिल्लीहून होत नाही. देशातील सर्व दिवाणी आणि न्यायिक प्राधिकारी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करण्यास अनुच्छेद १४४ नुसार बांधलेले आहेत. त्यामुळे जिल्हा न्यायालयात दरखास्त दाखल करताना किंवा तहसीलदाराकडे अर्ज देताना निकालातील आदेशाचा परिच्छेद स्वतंत्रपणे उद्धृत करावा, अर्जाची पोच घ्यावी, आणि ठरावीक काळात कार्यवाही झाली नाही तर कोणत्या तारखेपासून विलंब झाला हे दाखवता येईल अशा रीतीने सर्व पत्रव्यवहार जपून ठेवावा.